इंटरडिसिप्लिनरी मेजर घेताय? मग नियम आधी वाचा, कोर्स नंतर निवडा

एकाच विषयात मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) करणाऱ्या मुलांना एक मोठी सोय असते जी त्यांच्या लक्षातही येत नाही, ती म्हणजे त्यांचं डिपार्टमेंट. कुठला कोर्स आधी करायचा, कुठला यंदा होणारच नाही, कोण प्राध्यापक पुढच्या वर्षी रजेवर जाणार, हे सगळं तिथे कोणीतरी बघत असतं. इंटरडिसिप्लिनरी, म्हणजे अनेक विषय जोडून केलेल्या मेजरमध्ये तुमचे कोर्स चार डिपार्टमेंटमध्ये विखुरलेले असतात आणि त्या चौघांनाही तुमच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्यामुळे ते बघायचं काम आपोआप तुमच्या गळ्यात पडतं. अभ्यास झेपला नाही म्हणून अडकलेली मुलं मला कमी दिसली, नियमात अडकलेली जास्त. म्हणून इथे मी नियमांबद्दलच लिहितेय: कुठल्या क्रमाने वाचायचे, कुठे थांबून हिशोब करायचा आणि कुठे लेखी घ्यायचं. अमेरिकन पद्धत डोळ्यासमोर ठेवलीय कारण मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडीचा छोटा विषय) ही भानगड मुळात तिथली, पण बाकीकडेही यातलं बरंच लागू पडतं.

पायरी १: तयार मेजर की स्वतः रचलेला, हे आधी ठरवा

इंटरडिसिप्लिनरी म्हटलं तरी दोन अगदी वेगळे प्रकार यात येतात आणि दोघांचे नियम वेगळे.

पहिला प्रकार तयार. म्हणजे स्टॅनफर्डचा सिम्बॉलिक सिस्टिम्स घ्या, १९८६ पासून चालू आहे, कॉम्प्युटर सायन्स, लिंग्विस्टिक्स, फिलॉसॉफी आणि सायकॉलॉजी एकत्र. किंवा ऑक्सफर्डचा पीपीई, म्हणजे फिलॉसॉफी, पॉलिटिक्स आणि इकॉनॉमिक्स, हा तर १९२० च्या सुमाराचा, पहिल्या वर्षी तिन्ही विषय करायचे आणि नंतर हवा तर एक सोडायचा. यात कोअर (सक्तीचे मुख्य) कोर्स ठरलेले असतात, तुम्ही फक्त आतला फाटा निवडता.

दुसरा प्रकार स्वतः रचायचा. ब्राउन युनिव्हर्सिटीत १९६९ साली ओपन करिक्युलम आला, तिथे आजही इंडिपेंडंट कॉन्सन्ट्रेशन मांडता येतं (मेजरला तिथे कॉन्सन्ट्रेशन म्हणतात). न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या गॅलटिन स्कूलमध्ये तर प्रत्येकच विद्यार्थी आपलं कॉन्सन्ट्रेशन स्वतः बांधतो, आणि शेवटी वाचलेल्या पुस्तकांची यादी व त्यामागचा विचार लिहून देऊन प्राध्यापकांसमोर तोंडी चर्चेला बसतो, त्याला कलोकियम म्हणतात.

माझं स्पष्ट मत सांगते: तुमच्या आवडीचा बराचसा भाग एखाद्या तयार मेजरमध्ये बसत असेल तर तोच घ्या. स्वतः रचलेल्या मेजरमध्ये स्वातंत्र्य दिसतं तेवढं असतंच, पण कागदपत्रं दुप्पट असतात. आणि त्याच्याही आधी हे तपासा की साधा मेजर अधिक मायनर घेऊन काम भागतंय का. नाराज होऊ नका, कारण मेजर मंजूर करणारी कमिटी तुम्हाला पहिला प्रश्न नेमका हाच विचारणार आहे.

पायरी २: कॅटलॉगचं वर्ष शोधा आणि तीन थर वेगळे करा

नियम सगळे एका पानावर कधीच नसतात. सगळ्यात वर युनिव्हर्सिटीचे नियम (एकूण क्रेडिट्स, किमान जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी), त्याखाली तुमच्या कॉलेजचे किंवा स्कूलचे (जनरल एज्युकेशन म्हणजे सगळ्यांना सक्तीचे सर्वसाधारण कोर्स, परकी भाषा, लेखनाचा कोर्स), आणि त्याखाली मेजरचे. मुलं फक्त तिसरा थर वाचतात कारण तो मेजरच्या पानावर छान दिलेला असतो, आणि मग चौथ्या वर्षी कळतं की भाषेचा कोर्स राहिलाय.

एक तक्ता करा, तीन रकाने करा, प्रत्येक नियम कुठल्या थराचा ते लिहा. हे महत्त्वाचं अशासाठी की सवलत मागायची वेळ आली तर ज्याचा नियम त्याच्याकडेच जावं लागतं. मेजरचा ॲडव्हायझर युनिव्हर्सिटीचा नियम वाकवू शकत नाही, कितीही चांगला माणूस असला तरी.

कॅटलॉग इयरचंही बघून ठेवा (कॅटलॉग म्हणजे युनिव्हर्सिटीचं त्या वर्षीचं नियमांचं आणि कोर्सचं पुस्तक). बहुतेक ठिकाणी तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला (काही ठिकाणी ज्या वर्षी मेजर डिक्लेअर केला, म्हणजे अधिकृत नोंदवला) त्या वर्षीचे नियम तुम्हाला लागू होतात, नंतर मेजरचे नियम बदलले तरी. त्यामुळे मित्राची यादी डोळे झाकून कॉपी करू नका, तो एक वर्ष पुढे असेल तर त्याचे नियम वेगळे असू शकतात. तुमच्या वर्षाच्या कॅटलॉगची पीडीएफ पहिल्याच आठवड्यात सेव्ह करा.

पायरी ३: क्रेडिटचा हिशोब

सेमिस्टर पद्धतीत अमेरिकन बॅचलर डिग्रीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात, क्वार्टर पद्धतीत १८०. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास, असे साधारण १५ आठवडे. म्हणजे तीन क्रेडिटचे पाच कोर्स घेतले की कागदावरच आठवड्याचे ४५ तास झाले. युरोपात ईसीटीएस (तिथली क्रेडिट पद्धत) चालतं, वर्षाला ६०, आणि तिथलं एक क्रेडिट म्हणजे एकूण २५ ते ३० तासांचं काम, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करायची नसते. भारतात यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या फ्रेमवर्कमध्ये तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० क्रेडिट्स धरलीत, आणि इंटरडिसिप्लिनरी डिग्रीची सोयही त्यात आहे, उदाहरण इकॉनोमेट्रिक्सचं दिलंय जिथे कोअरची क्रेडिट्स इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स आणि गणितात वाटून द्यायची.

आता तुमचा हिशोब असा मांडा. समजा १२० पैकी जनरल एज्युकेशनला ४० गेली, मेजरला ४८, मग उरली ३२. ही ३२ मोकळी वाटतात पण तशी नसतात, कारण मेजरच्या कोर्सेसना लागणारे प्रिरेक्विझिट (आधी करावे लागणारे कोर्स), जे मेजरच्या यादीत मोजलेच जात नाहीत, ते इथूनच जातात. यावर पुढे येतेच.

पायरी ४: प्रपोजल (मेजरचा प्रस्ताव)

इथे जरा जास्त थांबते, कारण रचलेल्या मेजरमध्ये सगळं यावर ठरतं, आणि तयार मेजरमध्येही फाटा निवडताना छोटंसं टिपण बऱ्याचदा मागतात.

नुसता विषय लिहिला तर प्रपोजल परत येतं. "पर्यावरण आणि समाज" हा विषय झाला, यात काहीही बसतं आणि म्हणूनच कमिटीला ते आवडत नाही. प्रश्न हवा. उदाहरणासाठी धरू: दुष्काळाच्या वर्षी शहरात पाणीकपात झाली तर ती कोणाच्या वाट्याला जास्त येते आणि ते ठरतं कसं? आता बघा, या प्रश्नाला पाणी मुळात येतं कुठून हे कळायला हायड्रॉलॉजी लागते, दर कसे ठरतात त्यासाठी मायक्रोइकॉनॉमिक्स, निर्णय कोण घेतं त्यासाठी स्थानिक राजकारण, आणि कुठल्या भागात किती पाणी गेलं हे नकाशावर मांडायला जीआयएस (संगणकी नकाशांचं तंत्र). चार डिपार्टमेंट का हवीत हे वेगळं समजावून सांगावंच लागत नाही, प्रश्नच सांगतो.

प्रपोजलमध्ये साधारण या गोष्टी लागतात: मेजरचं नाव, प्रश्न आणि त्याची पार्श्वभूमी, कोर्सची यादी सेमिस्टरवार, प्रत्येक कोर्स का याची एक-दोन वाक्यं, शेवटच्या प्रोजेक्टची कल्पना, आणि एक किंवा दोन प्राध्यापकांची संमती. यादीत प्रत्येक महत्त्वाच्या कोर्सला एक पर्याय लिहा. कोर्स रद्द होतात, आणि पर्याय आधीच मंजूर असला की नंतर पुन्हा अर्ज करावा लागत नाही.

नाव साधं ठेवा. ते ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) छापलं जातं आणि दहा वर्षांनी तुम्हालाच समजावून सांगावं लागतं. "शहरी पाणी धोरण" चालेल. "प्रवाह, सत्ता आणि तहान" वगैरे थिसिसच्या कव्हरसाठी ठेवा.

प्राध्यापक कसा गाठायचा? ज्यांचा कोर्स तुम्ही केलाय आणि ज्यांना तुमचं लिखाण माहितीये त्यांच्याकडे जा, नाव मोठं आहे म्हणून अनोळखी माणसाकडे जाऊ नका. ऑफिस अवर्सला एका पानाचा मसुदा घेऊन जा, रिकाम्या हाताने नाही. आणि सरळ विचारा की माझ्या शेवटच्या वर्षी तुम्ही इथे असाल ना, कारण सॅबॅटिकलवर (लांब रजेवर) गेलेला गाइड ही या मेजरमधली नेहमीची अडचण आहे.

डेडलाइनचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत डिक्लेअर करावं लागतं, आणि त्याआधी काही प्रिरेक्विझिट ठराविक ग्रेडने पास झालेले लागतात. रचलेल्या मेजरचं प्रपोजल एकदा तरी दुरुस्तीला परत येतंच असं धरून एक सेमिस्टर आधी द्या.

पायरी ५: कोर्स निवडताना चार चाळण्या

यादीतला प्रत्येक कोर्स या चार चाळण्यांतून जायला हवा.

लेव्हल. मेजरच्या कोर्सपैकी बराच भाग अपर डिव्हिजन, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीचा असावा लागतो. इंटरडिसिप्लिनरी मुलांचा ओढा इंट्रोकडे असतो, प्रत्येक विषयाची तोंडओळख, मग यादीत सहा इंट्रो आणि खोलात काहीच नाही. नियम नेमका हेच टाळण्यासाठी आहे आणि माझ्या मते तो रास्त आहे.

वाटणी. किमान इतक्या डिपार्टमेंटमधून घ्या आणि एका डिपार्टमेंटमधून इतक्यापेक्षा जास्त नको, असा नियम असतो. इथे क्रॉस-लिस्टेड कोर्सकडे बघा: एकच वर्ग दोन डिपार्टमेंटच्या दोन नंबरांनी लागलेला असतो. तुम्ही रजिस्टर करताना कुठला नंबर घेता त्यावर तो कुठल्या खात्यात मोजला जाईल हे ठरू शकतं, आणि सेमिस्टर संपल्यावर तो नंबर बदलून घेणं म्हणजे डोकेदुखी. आधी विचारा.

प्रिरेक्विझिट. वर म्हटलं तसं, इथेच गणित कोसळतं. आपल्या पाण्याच्या उदाहरणात हायड्रॉलॉजीच्या वरच्या कोर्सला कॅल्क्युलस आणि फिजिक्स लागू शकतं, ॲडव्हान्स्ड जीआयएसला आधी बेसिक जीआयएस. म्हणजे यादीत दोन कोर्स दिसतायत पण प्रत्यक्षात पाच करायचेत. प्रत्येक कोर्सच्या मागे पार पहिल्या वर्षापर्यंत साखळी काढा, कागदावर बाण काढून. साखळी फार लांब निघाली तर दोन पर्याय: त्या प्राध्यापकाला मेल करून परवानगी मागायची (सामाजिक शास्त्रांत मिळते बऱ्याचदा, लॅबच्या विषयात क्वचित), नाहीतर तोच मुद्दा शिकवणारा दुसरा कोर्स शोधायचा. जिऑग्राफीवाले पाण्यावरचा कोर्स कॅल्क्युलसशिवाय शिकवतात, आणि धोरणाच्या प्रश्नाला तो पुरतोही.

जागा. कॉम्प्युटर सायन्स, इकॉनॉमिक्स, बिझनेस असल्या गर्दीच्या डिपार्टमेंटमध्ये आधी त्यांच्या मेजरवाल्यांना सीट मिळते, उरलं तर बाकीच्यांना. कोर्स मंजूर यादीत आहे म्हणजे सीट मिळेल असं अजिबात नाही. तुमच्या प्रोग्रॅमसाठी राखीव जागा असतात का ते विचारा, आणि ज्या कोर्सवर सगळी साखळी लटकलीये तो शेवटच्या वर्षासाठी कधीच ठेवू नका. दर दोन वर्षांनी एकदाच होणारे कोर्सही असतात, मागच्या तीन-चार वर्षांचं वेळापत्रक काढून बघितलं की लगेच समजतं.

मेथड्सचा एक कोर्स, स्टॅटिस्टिक्स म्हणा, मुलाखतींची पद्धत म्हणा, आर्काइव्ह म्हणा, कोणी मागितला नाही तरी घ्या. त्याशिवाय थिसिस लिहिताना हात बांधल्यासारखे होतात.

पायरी ६: डबल काउंटिंग

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. पहिला गैरसमज, एक कोर्स दोन ठिकाणी मोजला की क्रेडिट्स दुप्पट. नाही. तीन क्रेडिटचा कोर्स दोन अटी पूर्ण करेल पण १२० मध्ये तीनच धरले जातील. अटी लवकर संपतात, एकूण क्रेडिट्स तेवढीच भरावी लागतात.

दुसरा गैरसमज, जनरल एज्युकेशन आणि मेजरमधला ओव्हरलॅप आणि दोन मेजरमधला ओव्हरलॅप सारखाच. पहिल्याला बऱ्याच ठिकाणी मोकळीक असते, दुसऱ्याला कडक मर्यादा असते. आकड्यात बघू. समजा तुमच्या इंटरडिसिप्लिनरी मेजरला १२ कोर्स लागतात आणि दुसरा मेजर इकॉनॉमिक्स, त्याला १०. पाच कोर्स दोन्हीकडे बसतायत म्हणून तुम्ही धरलं १७. पण पॉलिसी म्हणतेय फक्त दोनच सामायिक चालतील, मग झाले २०. तीन कोर्स जादा, म्हणजे प्रिरेक्विझिट धरून जवळपास एक सेमिस्टर. मायनरसाठी मर्यादा अजून कमी, कधी एकच कोर्स. आणि काही प्रोग्रॅम तर तुमच्या यादीत ज्या डिपार्टमेंटचे कोर्स जास्त आहेत त्यातच दुसरा मेजर घ्यायला मनाई करतात, कारण मग इंटरडिसिप्लिनरीचा अर्थच उरत नाही.

पायरी ७: ग्रेड, ट्रान्सफर, परदेशातली सेमिस्टर

ग्रेडचं थोडक्यात. मेजरचे कोर्स लेटर ग्रेडनेच करावे लागतात, पास-नो पास साधारणपणे चालत नाही. मेजरमध्ये सी किंवा सी मायनस खालचा कोर्स धरत नाहीत असं पुष्कळ ठिकाणी आहे, आणि एकूण जीपीए २.० असला तरी मेजरचा जीपीए वेगळा काढून तोही किमान २.० लागतो. इन्कम्प्लीट (राहिलेलं काम नंतर पूर्ण करायची सोय) घेतला तर तो ठराविक मुदतीनंतर आपोआप एफ (नापास) होऊ शकतो.

ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांनी सिलॅबस जपून ठेवा. नुसतं कोर्सचं नाव नाही, आठवड्यागणिक विषय, वाचन, परीक्षा, सगळं असलेली पीडीएफ, कारण इंटरडिसिप्लिनरी कोर्सला जोडीचा कोर्स नव्या जागी सापडत नाही आणि मग माणूस वाचून ठरवतो. शिवाय क्रेडिट स्वीकारलं आणि मेजरमध्ये धरलं या दोन वेगळ्या गोष्टी. बऱ्याच युनिव्हर्सिटी शेवटची साधारण ३० क्रेडिट्स आपल्याकडेच करायला लावतात, तेव्हा परदेशातली सेमिस्टर तिसऱ्या वर्षात बसवलेली बरी. जाण्याआधी कोर्सनिहाय मंजुरी मेलवर घ्या. कॉरिडॉरमध्ये "हो हो, चालेल" म्हटलेलं वर्षभराने कोणालाच आठवत नाही.

पायरी ८: एफ-१ (अमेरिकेच्या विद्यार्थी) व्हिसावर असाल तर

हे इंटरडिसिप्लिनरीवाल्यांसाठी खास महत्त्वाचं आहे. प्रत्येक मेजरला एक सीआयपी कोड (अभ्यासविषयाचा ठरलेला सरकारी क्रमांक) असतो, आणि ३० ने सुरू होणारे कोड मल्टी-इंटरडिसिप्लिनरीचे. डिग्रीनंतर ओपीटी (विषयाशी संबंधित काम करायची परवानगी) १२ महिने मिळतो, पण त्यापुढची २४ महिन्यांची मुदतवाढ फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) यादीतल्या कोडला. ३० मधले काही कोड त्या यादीत आहेत, उदाहरणार्थ कॉग्निटिव्ह सायन्स, आणि जानेवारी २०२२ मध्ये २२ नवीन क्षेत्रं वाढवली त्यात डेटा सायन्स, क्लायमेट सायन्ससारखी बरीच मिश्र क्षेत्रंच होती. पण नुसता "इंटरडिसिप्लिनरी स्टडीज" असा सर्वसाधारण कोड असेल तर तुम्ही दहा कोर्स गणिताचे केले तरी कामाचे नाहीत, मोजतात तो कोड. डिक्लेअर करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन कोड विचारा.

शिवाय दर टर्मला किमान १२ क्रेडिट्स लागतात आणि त्यात ऑनलाइनचा एकच कोर्स, तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. शेवटच्या टर्मला कमी उरले असतील तर कमी घेता येतात, पण परवानगी आधी, रजिस्ट्रेशन नंतर.

पायरी ९: कॅपस्टोनपासून उलटं मोजा

कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा थिसिस किंवा प्रोजेक्ट, एक सेमिस्टरचा वाटतो, पण तो त्याच्या आधीच्या वर्षीच सुरू होतो. वसंतात थिसिस द्यायचा असेल तर पावसाळ्यातच, म्हणजे त्यांच्या फॉल सेमिस्टरच्या आधी, प्रश्न, गाइड आणि डेटा कुठून येणार हे ठरलेलं हवं.

लोकांच्या मुलाखती, सर्व्हे असं काही असेल तर आयआरबीची (माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागते का ते विचारा, आणि लागत असेल तर ती मिळेपर्यंत एकही मुलाखत घ्यायची नाही. यात आठवडे जातात, फॉर्म परत येतात, आधी एक ऑनलाइन ट्रेनिंग करावं लागतं. आधी घेतलेल्या मुलाखती मागाहून मंजूर करून मिळत नाहीत. दोन डिपार्टमेंटचे गाइड असतील तर पहिल्याच बैठकीत एक ठरवा की संदर्भ कुठल्या पद्धतीने, लांबी किती आणि अंतिम ग्रेड कोण देणार, कारण इकॉनॉमिक्सवाल्यांचा ३० पानांचा पेपर आणि इतिहासवाल्यांचा ८० पानांचा थिसिस यांच्यात तुमची ओढाताण होते.

पायरी १०: ऑडिट, पिटिशन आणि बाहेर पडणं

दर सेमिस्टरला डिग्री ऑडिट (कुठल्या अटी पूर्ण झाल्या याचा अहवाल) काढा. रचलेल्या मेजरमध्ये सॉफ्टवेअर तुमचे कोर्स ओळखतच नाही, सगळं "इलेक्टिव्ह" खाली जाऊन पडतं आणि मेजर शून्य टक्के दिसतो. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका, ॲडव्हायझरने ते हाताने हलवायचं असतं आणि ते प्रत्येक टर्मला करून घेतलेलं बरं. कोर्स बदलायचा असेल तर पिटिशन (बदलाचा अर्ज) रजिस्ट्रेशनच्या आधी टाका, त्यात जुना कोर्स, नवा कोर्स, आणि तो प्रश्नाशी कसा जोडला जातो हे चार ओळीत. "वेळ जमत नव्हती" हे कारण एकटं चालत नाही.

मास्टर्सचा विचार असेल तर तिसऱ्या वर्षीच ज्या प्रोग्रॅमला जायचंय त्यांच्या अटी काढा. काही ठिकाणी डिग्रीच्या नावापेक्षा अमुक विषयात इतकी क्रेडिट्स हवीत असा नियम असतो, जर्मनीतल्या बऱ्याच मास्टर्सना असा असतो, आणि चार विषयांत वाटलेल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये एकाही विषयाचा कोटा भरत नाही असं होऊ शकतं. तिसऱ्या वर्षी कळलं तर उरलेल्या मोकळ्या क्रेडिट्समधून दोन कोर्स वाढवता येतात.

आणि ग्रॅज्युएशनचा अर्ज वेगळा करावा लागतो, सगळी क्रेडिट्स भरली म्हणून डिग्री आपोआप येत नाही. शेवटच्या टर्मच्या सुरुवातीलाच ही तारीख असते, अर्जात मेजरचं नाव मंजूर प्रपोजलमध्ये आहे अक्षरशः तसंच लिहा, आणि मंजुरीच्या सगळ्या मेल युनिव्हर्सिटीच्या अकाउंटवरून स्वतःच्या अकाउंटवर पाठवून ठेवा, कारण डिग्री मिळाल्यावर ते अकाउंट कधीतरी बंद होतं.